बेडकाचे हृदय, जळूचा स्नायू आणि मांजराचा मज्जारज्जू : चेतापेशींमधील संदेशवहनाच्या शोधाचा इतिहास (१७९१–१९७६)

सारांश

एका चेतापेशीकडून दुसऱ्या चेतापेशीकडे संदेश विजेच्या रूपाने जातो की रसायनाच्या रूपाने, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शरीरक्रियाशास्त्रातील एक मोठा वादविषय होता. या वादाचा निकाल प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून लागला. प्रस्तुत निबंधात त्या प्रयोगांचा इतिहास पाहताना असे प्रतिपादन केले आहे की, हा निकाल केवळ शास्त्रज्ञांच्या प्रतिभेने लागलेला नाही. कोणता प्राणी निवडला गेला, तो कोणत्या ऋतूत वापरला गेला, कोणता कायदा त्याला लागू होता आणि प्रयोग करणाऱ्या माणसाला स्वतःच्या देशात राहू दिले गेले की नाही, या सर्व गोष्टींनी ज्ञानाला आकार दिला. म्हणून विज्ञानाच्या इतिहासात प्रयोगातील प्राण्याकडे निव्वळ साधन म्हणून न पाहता ऐतिहासिक पुरावा म्हणूनही पाहणे आवश्यक आहे.

बीजसंज्ञा : चेतापेशी, सिनॅप्स, ॲसिटिलकोलीन, प्राणिप्रयोग, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

चेतासंस्थेतील संदेशवहनाचे वर्णन आज शालेय पाठ्यपुस्तकातही चार-पाच ओळींत आढळते. चेतापेशीच्या लांब तंतूवरून विद्युत्-स्पंद धावत येतो. तंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांमधून एक रसायन बाहेर पडते. ते दोन पेशींमधील अतिसूक्ष्म फट ओलांडते, पुढील पेशीवरील ग्राहींना जाऊन चिकटते आणि त्या पेशीत नवा स्पंद उठतो किंवा उठू पाहणारा स्पंद दडपला जातो. पेशींच्या या संधिस्थानास सिनॅप्स असे म्हणतात. वाचताना ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की, ती सिद्ध होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली, हे सहसा ध्यानात येत नाही.

पाठ्यपुस्तकाचा स्वभावच असा असतो की, ते निष्कर्ष जपते आणि निष्कर्षापर्यंतची वाट पुसून टाकते. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम याच्या उलट आहे. निष्कर्षामागील साधने, माणसे, संस्था आणि परिस्थिती पुन्हा दृश्यमान करणे हे त्याचे कर्तव्य होय. चेतापेशींच्या बाबतीत ही वाट मुख्यतः बेडूक, मांजर, कुत्रा, जळू, माकूल अशा प्राण्यांच्या शरीरांतून गेलेली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. चेतापेशींमधील संदेशवहनाविषयीच्या प्रमुख प्राणिप्रयोगांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२. प्रयोगासाठी निवडलेला प्राणी आणि मिळालेला निष्कर्ष यांतील संबंध स्पष्ट करणे.
३. या संशोधनावर कायदा, लोकमत व राजकारण यांचा झालेला परिणाम तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गॅल्व्हानी यांचा १७९१ चा ग्रंथ हा आरंभबिंदू आणि फळमाशीवरील १९७६ चे संशोधन हा अंतिम टप्पा मानला आहे. प्राणिप्रयोगांच्या नैतिक चर्चेसाठी मात्र त्यानंतरच्या काही घटनांचा परामर्श घेतला आहे.

१. बेडकाचा पाय आणि विजेची कल्पना

चेतातंतूंमधून काहीतरी सूक्ष्म द्रव वाहतो आणि त्यामुळे स्नायू हलतात, अशी समजूत युरोपात शतकानुशतके रूढ होती. इटलीतील बोलोन्या येथील वैद्यकाचे प्राध्यापक लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि १७९१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत बेडकाचा पाय विद्युत्-उत्तेजनाने आखडतो, यावरून प्राण्यांच्या शरीरातच वीज असते असे त्यांनी मांडले. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी त्यास विरोध केला. वीज प्राण्यात नसून दोन भिन्न धातूंच्या संपर्कात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या वादातूनच १८०० मध्ये व्होल्टा यांचा विद्युत्-घट जन्माला आला. एका बेडकाच्या पायावरून पेटलेल्या मतभेदाने जगाला विजेचा पहिला अखंड स्रोत दिला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१८५० च्या सुमारास क्योनिग्जबर्ग येथे हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्याच चेतेवर स्पंदाची गती मोजली. ती सेकंदाला सुमारे २७ मीटर भरली. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांना ही गती मोजणे माणसाच्या आवाक्यातील वाटत नव्हते. प्रत्यक्षात ती आगगाडीच्या वेगाशी तुलना करता येईल इतकी मर्यादित निघाली. संदेशाला वेळ लागतो, म्हणजे तो एक भौतिक घटना आहे, ही जाणीव येथे पक्की झाली.

बेडूकच का, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. बेडूक सहज मिळत असे, स्वस्त होता, त्याची मांडीतील चेता लांब व ठळक असते आणि शरीरापासून वेगळे केलेले त्याचे अवयव साध्या तापमानाला बराच वेळ कार्यरत राहतात. प्राण्याच्या या गुणांनीच एकोणिसाव्या शतकातील शरीरक्रियाशास्त्राचे प्रश्न बऱ्याच अंशी ठरविले. चेता आणि स्नायू या जोडीचा अभ्यास पुढे गेला. मेंदूतील दोन पेशी एकमेकींशी कसा व्यवहार करतात, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

२. फटीचा शोध

फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत असलेल्या क्युरारे या विषाचा बेडकावर अभ्यास केला. हे विष दिल्यावर चेतेला उत्तेजन देऊनही स्नायू हलत नाही, परंतु स्नायूला थेट उत्तेजन दिले तर तो आखडतो, असे त्यांना आढळले. म्हणजेच विषाचा परिणाम चेता आणि स्नायू यांच्या भेटीच्या जागी होतो, हे सूचित झाले. १८७७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यु बुआ-रेमों यांनी या जागी संदेश एक तर विद्युत् असावा किंवा रासायनिक असावा, असे दोन पर्याय मांडले. पुढील पाऊणशे वर्षांचा वाद या दोन पर्यायांमध्ये सामावलेला आहे.

अशी भेटीची जागा चेतापेशींमध्येही असते का? इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगविण्याची पद्धत शोधली होती. त्यांच्या मते चेतासंस्था हे एक सलग जाळे होते. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूचे निरीक्षण केले आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, असे दाखविले. कोवळ्या प्राण्यांतील पेशींवर मेदाचे आवरण पूर्ण चढलेले नसते, त्यामुळे त्या स्पष्ट रंगतात. काहाल यांनी याचा जाणीवपूर्वक लाभ घेतला. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले आणि त्या वेळच्या भाषणातही गोल्जी यांनी आपला जाळ्याचा सिद्धांत सोडला नाही. पेशी स्वतंत्र असतील तर त्यांच्यामध्ये फट असणारच. १८९७ मध्ये इंग्लंडमधील चार्ल्स शेरिंग्टन यांनी या संधिस्थानास सिनॅप्स हे नाव दिले. नाव मिळाले, परंतु तेथे काय घडते हे अज्ञातच होते.

१९०४ मध्ये केंब्रिज येथील टी. आर. एलियट या तरुण संशोधकाने असे सुचविले की, चेतेचा स्पंद टोकाशी पोहोचला की ॲड्रेनॅलीन बाहेर पडत असावे. पुढच्या वर्षी त्यांचे ज्येष्ठ सहकारी जॉन लँग्ली यांनी कोंबडीच्या स्नायूंवर निकोटीन व क्युरारे यांचे प्रयोग करून पेशीमध्ये रसायन स्वीकारणारा एक विशिष्ट घटक असावा, असे मत मांडले. आजच्या ग्राहीची ही पूर्वकल्पना होय. दोन्ही सूचना पुराव्याअभावी बराच काळ उपेक्षित राहिल्या.

३. एका कुत्र्याचा खटला : १९०३

संदेश रसायनाने जाऊ शकतो, या विचाराला बळ देणारी एक महत्त्वाची घटना लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजात घडली. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये कुत्र्यावर प्रयोग करून दाखविले की, आतड्यातून निघणारे एक रसायन रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जाते आणि चेतांचा संबंध तोडलेला असतानाही त्यास कार्यप्रवृत्त करते. स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये अशा रसायनांसाठी हॉर्मोन हा शब्द प्रचारात आणला.

याच प्रयोगशाळेत फेब्रुवारी १९०३ मध्ये बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रात्यक्षिक केले. त्यात लाळग्रंथीकडे जाणाऱ्या चेतांना उत्तेजन देण्यात आले होते. वर्गात लिझी लिंड आफ हागेबी आणि लेइसा शार्ताउ या दोन स्वीडिश महिला उपस्थित होत्या. कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, असे त्यांनी आपल्या नोंदींत लिहिले. प्राणिप्रयोगविरोधी चळवळीचे नेते स्टीफन कोलरिज यांनी हा आरोप जाहीर सभेत केला. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये तो जिंकला. न्यायालयाने २,००० पौंडांची भरपाई देवविली. मात्र त्याच कुत्र्यावर पूर्वी डिसेंबर १९०२ मध्येही शस्त्रक्रिया झाली होती, हे खटल्यात पुढे आले. १८७६ च्या ब्रिटिश प्राणिक्रौर्य कायद्याच्या दृष्टीने ही गोष्ट आक्षेपार्ह होती. १९०६ मध्ये बॅटर्सी भागात या कुत्र्याचे स्मारक उभारले गेले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध १९०७ मध्ये दंगे केले आणि १९१० मध्ये ते स्मारक हटविण्यात आले.

या प्रसंगाचा आपल्या विषयाशी आणखी एक धागा जुळतो. प्रात्यक्षिकानंतर त्या कुत्र्याचा अंत ज्या तरुण संशोधकाच्या हातून झाला, त्याचे नाव हेन्री डेल. चेतापेशींच्या रासायनिक संदेशवहनासाठी पुढे ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे डेल होत. विज्ञानाचा गौरवग्रंथ आणि प्राणिप्रेमींचा आरोपपत्रवजा ग्रंथ हे दोन वेगळे इतिहास म्हणून वाचले जातात. वस्तुतः ती एकाच प्रयोगशाळेची दोन दप्तरे आहेत.

४. हिवाळ्यातील बेडूक : १९२१

डेल यांनी १९१४ मध्ये ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या गुणधर्मांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा परिणाम काही चेतांच्या उत्तेजनासारखा होतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. परंतु हे रसायन प्राण्याच्या शरीरात नैसर्गिकरीत्या असते, याचा पुरावा त्या वेळी नव्हता.

निर्णायक प्रयोग ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी यांनी केला आणि तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी बेडकांची दोन हृदये वेगळी काढून क्षारद्रावणात धडधडत ठेवली. एकास व्हेगस चेता जोडलेली होती, दुसऱ्यास नव्हती. पहिल्या हृदयाच्या व्हेगसला उत्तेजन देताच त्याची गती मंदावली. त्यातील द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातले, तेव्हा तेही मंदावले. दोन हृदयांमध्ये विजेचा कोणताही दुवा नव्हता. जे काही गेले ते द्रावणातून गेले होते. हे कार्य करणारे रसायन ॲसिटिलकोलीनच असल्याचे पुढील काही वर्षांत स्पष्ट होत गेले.

या प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असे लोवी यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितले आणि ती कथा अत्यंत लोकप्रिय झाली. इतिहासलेखनाच्या दृष्टीने मात्र ती जपून वापरली पाहिजे. स्वप्नाच्या नेमक्या वर्षाबद्दल एकवाक्यता नाही आणि उत्तरायुष्यातील आठवण हे समकालीन नोंदीच्या तोडीचे साधन नव्हे. शिवाय स्वप्नावर भर दिल्याने बेडकाची भूमिका झाकली जाते. बेडकाच्या व्हेगसमध्ये हृदयाची गती कमी करणारे व वाढविणारे असे दोन्ही प्रकारचे तंतू एकत्र असतात आणि त्यांपैकी कोणाचा प्रभाव दिसेल, हे ऋतूनुसार बदलते. तसेच ॲसिटिलकोलीनचा नाश करणारे विकर थंडीत मंद गतीने काम करते. थंडीच्या दिवसांत, गार प्रयोगशाळेत हा प्रयोग साधतो. ऋतू बदलला, तापमान वाढले किंवा बेडकाची जात वेगळी असली की तो फसू शकतो. अनेक प्रयोगशाळांना सुरुवातीस तो साधला नाही, त्याचे एक कारण हे होते. १९२६ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत लोवी यांना आपला प्रयोग सर्वांसमोर करून दाखवावा लागला. तो त्यांनी एकाच हृदयावर अठरा वेळा यशस्वी केला. त्याच वर्षी त्यांनी दाखविले की, एसेरीन हे औषध ॲसिटिलकोलीनचा नाश रोखते. या छोट्या निष्कर्षाने पुढचे दार उघडले.

५. जळू आणि निर्वासित

हृदय हा मंद गतीचा अवयव आहे. जेथे संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात पोहोचतो, अशा ऐच्छिक स्नायूंत व चेतापेशींच्या गाठींमध्येही रसायनच काम करते, हे सिद्ध करण्यात एक मोठी अडचण होती. तेथे बाहेर पडणारे ॲसिटिलकोलीन इतके अल्प असते आणि इतक्या त्वरेने नष्ट होते की, त्या काळातील रासायनिक पृथक्करणाने ते पकडणे अशक्य होते.

यावर उपाय बर्लिनमध्ये सापडला. जळूच्या पाठीच्या स्नायूची पट्टी एसेरीनच्या द्रावणात टांगली, तर ती अत्यल्प ॲसिटिलकोलीननेही आखडते. ब्रुनो मिंझ आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी या पद्धतीचा उपयोग केला. येथे जळू हा अभ्यासाचा विषय नव्हता, तो तराजू होता. मांजराच्या शरीरातून निघालेला द्रव जळूच्या स्नायूवर तोलला जात होता.

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत ज्यूंना शासकीय सेवेतून दूर करणारा कायदा झाला. फेल्डबर्ग यांना बर्लिनमधील संस्थेतून काढून टाकण्यात आले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने ते लंडनमध्ये डेल यांच्या प्रयोगशाळेत आले आणि जळूची पद्धत त्यांच्यासोबत आली. पुढील तीन वर्षांत या प्रयोगशाळेने मांजराच्या मानेतील चेतागुच्छ आणि ऐच्छिक स्नायू या दोन्ही ठिकाणी ॲसिटिलकोलीन बाहेर पडते, असे दाखविले. १९३६ च्या त्यांच्या महत्त्वाच्या शोधनिबंधावर डेल, फेल्डबर्ग आणि जर्मनी सोडून आलेल्या मार्थे फोग्ट यांची नावे आहेत. त्याच वर्षी डेल आणि लोवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या, तेव्हा लोवी यांना अटक झाली. पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत वळविल्यानंतरच त्यांना देश सोडता आला.

नाझी राजवटीने २४ नोव्हेंबर १९३३ रोजी प्राणिसंरक्षणाचा एक विस्तृत कायदाही केला आणि त्यात प्राणिप्रयोगांवर निर्बंध घातले. ज्या वर्षी जळूवर प्रयोग करणाऱ्या माणसाला हाकलले गेले, त्याच वर्षी प्रयोगातील प्राण्याला कायद्याचे कवच मिळाले. यावरून प्राणिसंरक्षणाचा विचार मुळातच संशयास्पद ठरत नाही. परंतु एखाद्या समाजाची नीतिमत्ता त्याच्या एकाच कायद्यावरून जोखता येत नाही, हे मात्र या दोन तारखा शेजारी ठेवल्या असता स्पष्ट होते.

६. सूप आणि ठिणगी : एक्ल्स यांची माघार

रासायनिक मताला सर्वांत खंबीर विरोध ऑस्ट्रेलियाचे जॉन एक्ल्स यांनी केला. शेरिंग्टन यांचे ते शिष्य. मज्जारज्जूतील संदेश इतका वेगवान असतो की, तो विजेनेच जात असला पाहिजे, असे त्यांचे मत होते. हा वाद पुढे सूप आणि ठिणगी यांचे युद्ध म्हणून ओळखला गेला. वैज्ञानिक परिषदांतून एक्ल्स आणि डेल यांचे खटके उडत, पण खासगीत दोघांचा पत्रव्यवहार स्नेहाचा होता.

१९४४ मध्ये एक्ल्स न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे गेले. तेथे त्यांची भेट ऑस्ट्रियातून आलेल्या कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाशी झाली. वैज्ञानिक सिद्धांताचे सामर्थ्य तो खोटा ठरू शकेल अशा रीतीने मांडण्यात असते, हा पॉपर यांचा आग्रह होता. तो एक्ल्स यांना पटला आणि आपला विद्युत्-सिद्धांत त्यांनी मुद्दाम इतक्या काटेकोरपणे मांडला की, त्याची परीक्षा घेता यावी. ऑगस्ट १९५१ मध्ये ब्रॉक व कूम्ब्स या सहकाऱ्यांसह त्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतील एकाच चेतापेशीत अतिसूक्ष्म काचनलिका घालून विद्युत्-दाब मोजला. अवरोध करणारा संदेश आल्यावर पेशीच्या आतील दाब त्यांच्या सिद्धांताने सांगितलेल्या दिशेच्या नेमका उलट, म्हणजे अधिक ऋण झाला. याचे स्पष्टीकरण रासायनिक मतानेच होऊ शकत होते. एक्ल्स यांनी आपला पराभव मान्य केला आणि पुढे ते रासायनिक सिनॅप्सच्या अभ्यासाकडे वळले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

७. माकूल, बेडूक आणि क्रेफिश

विजेचा सिद्धांत पूर्णपणे चुकीचा होता, असे मात्र नव्हे. तंतूवरून धावणारा स्पंद विद्युतच असतो. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये माकुळाच्या शरीरातील महाकाय चेतातंतूकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्याचा व्यास एक मिलिमीटरपर्यंत असू शकतो, म्हणजे त्यात विद्युत्-अग्र सरळ आत घालता येते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी इंग्लंडमधील प्लिमथ येथे १९३९ मध्ये या तंतूवर काम सुरू केले. युद्धामुळे ते थांबले आणि १९५२ मध्ये पूर्णत्वास गेले. सोडियम व पोटॅशियम यांच्या आयनांच्या ये-जा करण्याने स्पंद कसा निर्माण होतो, हे त्यांनी गणिताने मांडले.

जर्मनीतून १९३५ मध्ये निर्वासित झालेले बर्नार्ड कात्झ यांनी सिडनीत एक्ल्स यांच्यासह काम केले होते. युद्धानंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात परतले. तेथे त्यांनी पॉल फॅट यांच्यासह बेडकाच्या स्नायूत एक विलक्षण गोष्ट टिपली. चेता शांत असतानाही स्नायूत अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे लहान लहान विद्युत्-बदल आपोआप होत असतात. होसे देल कास्तिलो यांच्यासह १९५४ मध्ये त्यांनी मांडले की, ॲसिटिलकोलीन सुट्या रेणूंनी नव्हे तर ठरावीक आकाराच्या पुड्यांनी बाहेर पडते. याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेतेच्या टोकाशी पुटिका दिसू लागल्या आणि पुड्यांना प्रत्यक्ष रूप मिळाले. १९७० चे नोबेल पारितोषिक कात्झ यांना अन्य दोघांसह मिळाले.

कात्झ यांच्याच विभागात एडविन फर्शपॅन आणि डेव्हिड पॉटर यांनी १९५९ मध्ये क्रेफिश या कवचधारी जलचराच्या चेतांत विजेनेच चालणारा सिनॅप्स दाखवून दिला. रसायनाचा विजय निश्चित झाल्यावर ठिणगीलाही तिची जागा परत मिळाली. बेडूक आणि मांजर यांच्यापुरता अभ्यास थांबला असता, तर हे अर्धसत्य पूर्णसत्य म्हणून राहिले असते.

८. मुंबईतील फळमाशी

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सिद्दिकी आणि अमेरिकेतील सेमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात फळमाशीच्या अशा उत्परिवर्तित वाणांचा अभ्यास आहे, ज्या तापमान वाढताच लुळ्या पडतात आणि ते उतरताच पुन्हा हालचाल करू लागतात. एकेका जनुकातील दोषामुळे चेतांचे कार्य कोठे अडते, हे त्यातून तपासता आले. यांपैकी एका वाणातील दोष सिनॅप्समधील पुटिकांच्या पुनर्वापराशी निगडित असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मुंबईत के. एस. कृष्णन आदींनी या दिशेने काम चालू ठेवले. शस्त्राने चेता तोडण्याऐवजी जनुकातील बदलाने ती थांबविण्याची ही पद्धत पूर्वीच्या परंपरेपेक्षा मूलतः भिन्न होती.

९. चर्चा : प्राणी, कायदा आणि स्मृती

वरील आढाव्यातून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. प्रत्येक टप्प्यावर ज्ञानाची मर्यादा ही त्या प्राण्याची मर्यादा होती आणि नवे ज्ञान नवा प्राणी किंवा त्याच प्राण्याकडे पाहण्याची नवी रीत सापडल्यावर मिळाले. हिवाळी बेडकाविना लोवी यांचे स्वप्न स्वप्नच राहिले असते. जळूविना डेल यांची शंका शंकाच राहिली असती.

कायद्याने मात्र या प्राण्यांकडे समान दृष्टीने पाहिले नाही. १८७६ चा ब्रिटिश कायदा केवळ पृष्ठवंशीय प्राण्यांना लागू होता. मांजर त्याच्या कक्षेत होते, जळू आणि माकूल नव्हते. माकुळासारख्या शीर्षपाद प्राण्यांना युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने प्रथमच व्यापक संरक्षण दिले. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने प्रयोगांना अनुमती दिली, परंतु त्यांच्या देखरेखीसाठी समितीची तरतूद केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ व २०१४ मध्ये दिलेल्या सूचनांनंतर महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबले.

कायदा असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतरही या इतिहासात दिसते. ज्या फेल्डबर्ग यांनी जळूची पद्धत लंडनला नेली, ते वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावरही सशांवर प्रयोग करीत होते. प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी केलेल्या गुप्त चित्रणातून भूल अपुरी असल्याचे उघड झाले आणि १९९० मध्ये त्यांचे प्रयोग थांबविण्यात आले. १९०३ च्या खटल्यात पुरेशी भूल हाच कळीचा प्रश्न होता आणि सत्त्याऐंशी वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. छळ सोसून परागंदा झालेला, विज्ञानाला अमूल्य देणगी देणारा माणूसही दुसऱ्या जीवाच्या वेदनेबाबत बेसावध राहू शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात खऱ्या आहेत. इतिहासकाराने त्यांपैकी कोणतीही एक गाळू नये.

निष्कर्ष

१. चेतापेशींमधील संदेशवहनाचा सिद्धांत हा एखाद्या क्षणी सुचलेल्या कल्पनेचा नव्हे, तर अनेक प्राण्यांच्या विशिष्ट शरीररचनेतून क्रमाने जमत गेलेल्या पुराव्याचा परिणाम आहे.
२. सूप आणि ठिणगी या वादात कोणतीही बाजू संपूर्ण विजयी झाली नाही. बहुसंख्य सिनॅप्स रासायनिक असले, तरी विद्युत्-सिनॅप्सही अस्तित्वात आहेत.
३. १९३३ नंतरच्या सक्तीच्या स्थलांतरामुळे प्रयोगपद्धती एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या. जर्मनीने जे गमावले ते लंडन व सिडनीला लाभले.
४. प्राणिप्रयोगविरोधी चळवळ ही या संशोधनाच्या बाहेरची घटना नसून त्याच्याच इतिहासाचा भाग आहे. प्रयोगांवरील नियंत्रण, भूल आणि पर्यायी पद्धती यांचा विचार या संघर्षातून पुढे आला.

समारोप

आज आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत बेडकाचे विच्छेदन होत नाही आणि ते होऊ नये, हेच योग्य आहे. परंतु ट्रे रिकामे झाले म्हणून त्यावर मिळविलेल्या ज्ञानाचे मूल्य कोणी चुकविले, हा प्रश्न संपत नाही. नैराश्यावरील औषधे, शस्त्रक्रियेतील स्नायू शिथिल करणारी द्रव्ये, कीटकनाशकाच्या विषबाधेवरील उपचार या सर्वांच्या मुळाशी सिनॅप्सचे ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाच्या मुळाशी बेडूक, मांजर, कुत्रा व जळू आहेत. शास्त्रज्ञांची नावे पारितोषिकांच्या यादीत राहिली. प्राण्यांपैकी एका तपकिरी कुत्र्याचे स्मारक उभे राहिले, तेही चार वर्षांत हटविले गेले आणि १९८५ मध्ये नव्याने उभारावे लागले. विज्ञानाच्या शिक्षकाने सिनॅप्स शिकविताना आणि इतिहासाच्या शिक्षकाने विसावे शतक शिकविताना या प्राण्यांचा उल्लेख तळटीपेत न टाकता मूळ मजकुरात करावा, अशी अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते. त्यांचे ऋण फिटणारे नाही, पण त्याची नोंद ठेवणे आपल्या हाती आहे.